हेलिकॉप्टर येईल, पण उतरेल कोठे?

घाटात बस कोसळली किंवा महामार्गावर मोटार ट्रकखाली सापडली, की शोकसंदेशांच्या मागोमाग एक मागणी आता हमखास ऐकू येऊ लागली आहे : आमच्या भागाला हेलिकॉप्टर रुग्णवाहिका द्या. मागणी गैर नाही. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, हा केंद्र सरकारचाच आकडा आहे. आणि त्यांपैकी कित्येकांस वेळीच जाणत्या डॉक्टरचा हात लागता तर ती आज आपल्या मुलाबाळांत असती, हे सांगावयास कोणा तज्ज्ञाची गरज नाही. परंतु आपण जे मागतो आहोत ते नेमके काय आहे, ते कशाच्या आधारावर उभे राहते आणि त्याच्या आधी काय असावे लागते, याचा विचार न करता केलेली मागणी मान्य झाली तरी तिचे फळ मागणाऱ्याच्या पदरात पडत नाही. यंत्र येते, त्याला हार घातले जातात, छायाचित्रे निघतात. आणि पुढे त्या यंत्राचे काय झाले हे विचारावयास कोणी उरत नाही. म्हणूनच या प्रश्नाची जरा मुळापासून चर्चा करावी असे आम्हांस वाटते.

ज्या देशाने ही सेवा सर्वांत पद्धतशीरपणे उभारली त्या जर्मनीत तिचा उगम एका लहान मुलाच्या मृत्यूत आहे. ३ मे १९६९ रोजी विनेनडेन या गावी ब्यॉर्न श्टायगर नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला पोहण्याच्या तलावावरून घरी परतताना मोटारीची धडक बसली. लोकांनी तत्काळ पोलिसांस आणि रेडक्रॉसला कळविले, पुनःपुन्हा कळविले. तरी रुग्णवाहिका यावयास जवळजवळ तास लागला. मुलाच्या जखमा प्राण घेतील अशा नव्हत्या. उपचारावाचून गेलेल्या त्या तासात शरीराला जो धक्का बसला त्याने रुग्णालयाच्या वाटेवर त्याचा अंत झाला. बाप व्यवसायाने वास्तुविशारद होता. त्याने व त्याच्या पत्नीने दोनच महिन्यांनी मुलाच्या नावाने एक न्यास काढला. आता पाहावयाचे ते हे, की या दुःखी आईबापांनी पहिली मागणी हेलिकॉप्टरची केली नाही. त्यांनी मागितले, रुग्णवाहिकेत बिनतारी संदेशाचे यंत्र असावे, महामार्गाच्या कडेला दूरध्वनी असावेत, आणि देशभर संकटात फिरवावयाचा क्रमांक एकच असावा. सरकार हलेना तेव्हा बापाने १९७३ साली राज्य व केंद्र या दोघांवरही दावा लावला. दावा फेटाळला गेला. परंतु त्याचा एवढा गाजावाजा झाला, की त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ११० व ११२ हे क्रमांक देशभर लागू करण्याचा निर्णय घेण्यावाचून राज्यकर्त्यांस गत्यंतर उरले नाही. हेलिकॉप्टरने रुग्णसेवा करणारी जी दुसरी मोठी संस्था त्या देशात आहे, ती याच न्यासाने १९७२ साली काढली. आधी दूरध्वनी, मग यंत्र, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पहिले हेलिकॉप्टर मात्र त्यापूर्वीच, १ नोव्हेंबर १९७० रोजी, म्युनिक येथील एका रुग्णालयात कायमचे ठाण मांडून बसले होते. ते चालविले मोटारवाल्यांच्या एडीएसी या क्लबाने, आणि प्रवाशांचा पाठीराखा मानल्या गेलेल्या संताच्या नावावरून त्याचे नाव पडले ‘क्रिस्टोफ १’. त्या वर्षी एकट्या पश्चिम जर्मनीत रस्त्यांवर एकोणीस हजारांहून अधिक माणसे मेली होती. आज दोन्ही जर्मनी एक झाल्या, मोटारी कितीतरी पटींनी वाढल्या, तरी २०२३ सालचा मृत्यूंचा आकडा २,८३९ आहे. याचे श्रेय हेलिकॉप्टरला देणे भाबडेपणाचे होईल. कमरेचे पट्टे, वेगावरील बंधने, सुधारलेले रस्ते आणि सुधारलेल्या मोटारी यांचा वाटा निःसंशय मोठा आहे. परंतु आज त्या देशात सत्तरांहून अधिक ठाण्यांवर हेलिकॉप्टरे सज्ज असतात आणि प्रत्येकाने सुमारे पन्नास ते सत्तर किलोमीटरचा परिसर आपला मानलेला असतो, हे काही मोटारीच्या पट्ट्यामुळे घडलेले नाही.

हेलिकॉप्टरने रुग्ण ‘उचलून नेणे’ ही जी समजूत आपल्याकडे रूढ आहे ती युद्धातून आलेली आहे. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात जपानी फौजांच्या मागे अडकलेला एक वैमानिक व तीन ब्रिटिश सैनिक यांना कार्टर हार्मन या अमेरिकन लेफ्टनंटाने हेलिकॉप्टरने एकेक करून बाहेर काढले. ते यंत्र आपल्याच आसामातील लालाघाटच्या तळावरून निघाले होते, आणि वैमानिकाखेरीज एकाच माणसाचे ओझे त्याला पेलत असे. पुढे कोरियाच्या युद्धात हेलिकॉप्टरच्या दोन्ही अंगांना बाहेरून स्ट्रेचर बांधून हजारो जखमींना शस्त्रक्रियेच्या तंबूपर्यंत नेण्यात आले. वाटेत त्यांच्याजवळ कोणी नसे. ही झाली आकाशातील झोळी. म्युनिकला जे घडले ते याच्या उलट आहे. तेथे हेलिकॉप्टर मुख्यतः रुग्णाला नेण्यासाठी उडत नाही. ते डॉक्टरला रुग्णाकडे पोहोचविण्यासाठी उडते.

हा फरक शब्दांचा नव्हे. छातीत हवा साठून फुप्फुस दबलेल्या, जबड्याचा चुरा होऊन श्वास कोंडलेल्या, कटीचे हाड मोडून आतल्या आत रक्त वाहत असलेल्या माणसाला नुसते वेगाने नेणे म्हणजे त्याच्या मृत्यूची जागा बदलणे होय. छेद देऊन हवा बाहेर काढावी लागते, भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालावी लागते, कटी पट्ट्याने आवळावी लागते, रक्त द्यावे लागते. आणि हे सारे तेथेच, रस्त्याच्या कडेला, धुळीत गुडघे टेकून करावे लागते. हेलिकॉप्टरात एकदा चढल्यावर जागा इतकी कमी आणि आवाज इतका प्रचंड असतो, की डॉक्टरच्या कानातील स्टेथोस्कोप निरुपयोगी ठरतो. म्हणून जे करावयाचे ते उडण्यापूर्वी. लंडनमध्ये ही सेवा १९८९ साली सुरू झाली. आदल्याच वर्षी तेथील शल्यवैद्यांच्या रॉयल कॉलेजने, गंभीर जखमींतील कित्येक मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत, असे आपल्या अहवालात सुनावले होते. हेलिकॉप्टरची व्यवस्था व्हाइटचॅपल येथील रुग्णालयाच्या छतावर आहे. अंधार पडला की ते उडत नाही. तोच डॉक्टर आणि तोच सहायक तीच सामग्री घेऊन मोटारीने निघतात. सेवेचे नाव हवाई रुग्णवाहिका, पण रात्री ती चार चाकांवर धावते आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. आमच्या पुढाऱ्यांनी ही एकच गोष्ट नीट ध्यानात घेतली तरी पुष्कळ काम होईल.

आता धोक्याविषयी. तो न सांगणे ही वाचकांची फसवणूक ठरेल. अमेरिकेत २००८ हे वर्ष रुग्णसेवेच्या हेलिकॉप्टरांसाठी त्या वेळेपर्यंतचे सर्वांत घातक ठरले, आणि पुढील फेब्रुवारीत तेथील वाहतूक सुरक्षा मंडळाला उघड सुनावणी घ्यावी लागली. रात्र, बिघडलेले हवामान आणि न दिसलेला डोंगर, ही कारणे पुनःपुन्हा समोर आली. त्यांच्या मुळाशी आणखी एक कारण असते, ते म्हणजे माणसाची दया. पलीकडे मूल तडफडते आहे असे कळले की वैमानिक ढगातही घुसतो. म्हणून चांगल्या सेवांत रुग्ण कोण आहे, लहान की मोठा, किती गंभीर, हे उड्डाणाचा निर्णय होईपर्यंत वैमानिकाला सांगतच नाहीत. त्याने आकाश पाहावे आणि होय वा नाही म्हणावे, एवढेच त्याचे काम. ऐकावयास कठोर वाटेल. परंतु एका जिवासाठी चार जीव घालविण्याच्या अनुभवातून शहाणपणाने काढलेला हा नियम आहे. आपल्याकडे ऋषीकेशच्या एम्स संस्थेची हेलिकॉप्टर सेवा २९ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. १७ मे २०२५ रोजी केदारनाथला रुग्ण आणावयास गेलेले तिचे हेलिकॉप्टर उतरताना आदळले आणि त्याची शेपटी मोडली. वैमानिक, डॉक्टर व परिचारक तिघेही बचावले, हे सुदैव. डोंगरात उडणे म्हणजे काय हे त्या घटनेने दाखविले.

हे आम्ही सांगतो ते भीती घालण्यासाठी नव्हे, आपल्या सह्याद्रीकडे पाहून सांगतो. खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात जी खेडी आहेत, तेथे आषाढात नाले भरले की आजारी माणसाला चौघांच्या खांद्यावरून, बांबूला बांधलेल्या झोळीतून डांबरी सडकेपर्यंत आणावे लागते. हेलिकॉप्टर कोणाला सर्वांत आधी हवे असेल तर या लोकांना. पण ज्या महिन्यांत त्यांची वाट तुटते नेमक्या त्याच महिन्यांत कणकुंबी, चोर्ला आणि आंबोली यांच्या माथ्यावर ढग बसलेला असतो. हातभर पुढचे दिसत नाही. त्या दिवसांत कोणताही जबाबदार वैमानिक तेथे उतरणार नाही, आणि त्याने उतरू नये. म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरते या खेड्यांचे हेलिकॉप्टर म्हणजे नाल्यावरचा साकव होय. जो पुढारी साकवाची मागणी सोडून हेलिकॉप्टरची घोषणा करतो, त्याने एकदा श्रावणात त्या वाटेने झोळीचे एक टोक खांद्यावर घेऊन चालून पाहावे, अशी आमची त्यास नम्र सूचना आहे.

आणि कोरड्या आठ महिन्यांचे काय? तेथे प्रश्न उभा राहतो तो उतरण्याच्या जागेचा. सुमारे पंचवीस-तीस मीटर लांबरुंद, सपाट, दगडगोटे व पत्रे नसलेली, आणि मुख्य म्हणजे वरून विजेच्या तारा न गेलेली जागा लागते. तार ही वैमानिकाची मोठी वैरीण. ती आकाशातून दिसतच नाही. निवडणुकीच्या दिवसांत मात्र अशा जागा कशा कोण जाणे रातोरात सापडतात! शाळेचे पटांगण झाडून निघते, चुन्याचा गोल आणि मधले इंग्रजी अक्षर काढले जाते, धूळ उडू नये म्हणून पाण्याचा टँकर येतो, पोलीस गर्दी हटवितात. पाहुणे उडून गेले की दुसऱ्या आठवड्यात तो चुना पावलांखाली पुसून जातो. तोच गोल कायमचा ठेवावा, त्याची नोंद नकाशात करावी, आणि गावातील चार तरुणांना दोन दिवसांचे शिक्षण द्यावे : हेलिकॉप्टरच्या शेपटीकडून कधीही जाऊ नये, वैमानिकाला दिसेल अशा बाजूने आणि त्याने खूण केल्यावरच पुढे व्हावे, उतारावर यंत्र उभे असेल तर चढाच्या अंगाने जवळ जाऊ नये, कारण तिकडे पाते माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येते. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. आमच्या तरुण मंडळांनी मनावर घेतले तर एका उन्हाळ्याचे हे काम आहे.

पैशाचा प्रश्न अर्थातच टळत नाही. अमेरिकेत पुष्कळशा हेलिकॉप्टर सेवा व्यापारी कंपन्यांच्या हाती गेल्या आणि शुद्धीवर आलेल्या रुग्णाच्या हाती हजारो डॉलरांचे बिल पडू लागले. अखेर २०२२ पासून विमाधारकांना या अवचित बिलांपासून वाचविणारा कायदा तेथे अमलात आणावा लागला. स्वित्झर्लंडने निराळी वाट धरली. तेथील रेगा ही संस्था १९५२ पासूनची. सरकारी मदत मिळत नाही असे दिसताच तिने १९६६ साली थेट जनतेलाच साद घातली. आज नव्वद लाखांच्या त्या देशात पस्तीस लाखांहून अधिक लोक तिला वर्षाकाठी अल्पशी वर्गणी देतात, आणि विमा जेथे पैसे देत नाही तेथे संस्था आपल्या वर्गणीदाराचा खर्च माफ करू शकते. लोकवर्गणीतून शाळा, वाचनालये आणि व्यायामशाळा उभ्या करणाऱ्या आमच्या समाजाला ही रीत परकी वाटू नये. मात्र सरकारने आपली जबाबदारी वर्गणीवर ढकलावी, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

आपल्या देशात या दिशेने पावले पडू लागली आहेत. मध्य प्रदेशात २०२४ पासून एक हेलिकॉप्टर व एक विमान रुग्णांसाठी ठेवण्यात आले असून आयुष्मान कार्डधारकांकडून त्याचे शुल्क घेतले जात नाही, ही गोष्ट इंदूर-ग्वाल्हेरकडील आमच्या बांधवांच्या परिचयाची असेल. हे स्वागतार्ह आहे. तथापि प्रशासनाच्या मंजुरीने एका रुग्णालयातून दुसऱ्यात रुग्ण हलविणे निराळे, आणि फोन खणखणल्यापासून काही मिनिटांत डॉक्टरसह उड्डाण करणे निराळे. दुसरी गोष्ट अद्याप आपल्यापासून दूर आहे. मौज अशी, की कायदा पुढे गेलेला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ची व्याख्याच घालून दिली : गंभीर इजा झाल्यानंतरचा एक तास, ज्यात त्वरित उपचाराने मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते. बाल्टिमोरच्या काउली नामक शल्यवैद्याने रूढ केलेला हा शब्द आहे. साठावे मिनिट आणि एकसष्टावे मिनिट यांच्यामध्ये काही भिंत उभी नसते, हे डॉक्टर मंडळीही मान्य करतात. पण तास कायद्यात आला; त्या तासात पोहोचावयाचे कसे, हे मात्र त्या व्याख्येत नाही.

आता आमच्या दाराशी येऊ. नकाशावर कंपासाचे टोक बेळगावावर रोवून साठ किलोमीटरचे वर्तुळ काढावे. म्हणजे जर्मनीतील एका हेलिकॉप्टर ठाण्याचा जेवढा टापू, तेवढाच हा. या वर्तुळात खानापूर येते, चंदगड आणि गडहिंग्लज येतात, आंबोली येते, वाळपईसुद्धा येते. एका वर्तुळात तीन राज्ये! चंदगडचा रुग्ण महाराष्ट्राचा, पण त्याला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. निपाणीचा रुग्ण कर्नाटकाचा, पण तवंदी घाट चढून बेळगावला येण्यापेक्षा त्याला कोल्हापूर जवळ. बेळगावाहून बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज घाटरस्त्याने शंभरावर किलोमीटर, आणि पाखराच्या वाटेने जेमतेम ऐंशी. सीमाप्रश्नावर आमची मते जगजाहीर आहेत. ती येथे क्षणभर बाजूस ठेवतो. ज्याच्या छातीत हवा साठते आहे त्याला दोन राज्यांतील दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही.

सीमा आड आली की काय होते हे देशाने २०२० च्या टाळेबंदीत पाहिले. केरळातील कासरगोडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या उपचारांसाठी मंगळूरला जात. त्या मार्चमध्ये कर्नाटकाने रस्त्यांवर मातीचे ढीग घालून वाटा बंद केल्या. रुग्णवाहिका नाक्यावरून परत फिरल्या, आणि उपचारावाचून रुग्ण दगावले. १ एप्रिलला केरळच्या उच्च न्यायालयाला वाट मोकळी करण्याचा आदेश द्यावा लागला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ७ एप्रिलला, रुग्णांना कसे सोडावयाचे यावर एकमत झाले आहे, असे तेथे सांगण्यात आले. जे एकमत मृत्यूंनंतर झाले ते आधी होऊ शकत नव्हते काय? आपल्याकडेही महाराष्ट्राने २०२३ साली आपली आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली होती.

उलट युरोपात पाहा. आखेनजवळच्या ठाण्यावरील हेलिकॉप्टराचे नावच ‘क्रिस्टोफ युरोपा १’. ते जर्मनीतील, पण नेदरलंड्स व बेल्जियम यांच्या हद्दीतही हाकेला धावते. ऑस्ट्रियातील झूबेन येथील ठाणे त्या देशाचा मोटारक्लब आणि जर्मनीचा मोटारक्लब मिळून चालवितात, आणि तेथून बव्हेरियातील रुग्णाकडेही डॉक्टर जातो. यांतील जर्मनी व बेल्जियम ही राष्ट्रे विसाव्या शतकात एकमेकांविरुद्ध दोनदा रणात उतरलेली. त्यांना जे साधले ते एकाच देशातील तीन राज्यांना साधू नये, ही गोष्ट मान खाली घालावयास लावणारी आहे.

म्हणून आमची मागणी हेलिकॉप्टरपासून सुरू होत नाही. बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि उत्तर गोवा या चार जिल्ह्यांच्या प्रशासनांनी येत्या पावसाळ्यापूर्वी एकत्र बसावे. १०८ ची रुग्णवाहिका कोणत्याही राज्याची असो, तिने जवळचे रुग्णालय गाठावे आणि तेथे आधी दाखल्याची नव्हे, रुग्णाची तपासणी व्हावी, असा लेखी करार त्यांनी करावा. कोणत्या रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया होते, कोठे रक्तपेढी रात्रभर उघडी असते, याची एकच यादी चारही नियंत्रण कक्षांत भिंतीवर लावावी. गंभीर जखमीला रस्त्यावर हाताळू शकतील असे डॉक्टर तयार करून आधी त्यांना मोटारीवर पाठवावे. खानापूर आणि चंदगड या तालुक्यांतील पटांगणांची पाहणी करून तारांपासून मोकळ्या जागा निश्चित कराव्यात, आणि भीमगडच्या खेड्यांचे साकव बांधावयास घ्यावेत. एवढे झाल्यावर दिवाळीपासून मेपर्यंत, दिवसा उडणारे एक हेलिकॉप्टर चारही जिल्ह्यांच्या सामायिक खर्चाने बेळगावी ठेवावे, ही मागणी आम्ही स्वतः पुढे होऊन करू. पटांगणांच्या पाहणीची वाट मात्र सरकारी पत्राने यावयास नको. ज्या गावांतील मंडळांना आपल्या शाळेचे पटांगण मोजून, वरच्या तारा व जवळची झाडे यांसह त्याचा नकाशा काढून पाठवावयाचा असेल, त्यांनी तो आमच्या कचेरीत आणून द्यावा. ते सर्व नकाशे एकत्र करून चारही जिल्हाधिकाऱ्यांकडे पोहोचविण्याचे काम आम्ही पत्करतो.